मियामीचं नाव घेताय, तर गोष्ट पुरी सांगा

मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या बाजारपेठेत रस्तारुंदीची मोजणी सुरू झाली, घरांच्या दर्शनी भिंतींवर लाल खुणा उमटल्या, की चार दिवसांत वाद पेटतो आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांवर येऊन अडतो. एक बाजू म्हणते, पडक्या वाड्यांना किती दिवस कवटाळून बसायचं? जग बघा, दुबई बघा, मियामी बघा. दुसरी बाजू म्हणते, ही आमची अस्मिता आहे, एका विटेलाही हात लावू देणार नाही. पैठणच्या नाथसागर जलाशयाच्या काठी पर्यटननगरी वसवायचा विषय निघाला की मियामीचं नाव हमखास येतं, आणि छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या दरवाजांच्या आतल्या गल्ल्यांचा विषय निघाला तरी येतं. निळं पाणी आणि त्यासमोर काचेचे मनोरे असा एक फोटो मोबाइलवर फिरतो, आणि जणू पुढे बोलण्यासारखं काही उरतच नाही. हा वाद दोन्हीकडून फार वाईट लढला जातो आहे. ज्यांना पाडायचं आहे त्यांनी मियामीचा इतिहास पाहिलेला नाही, आणि ज्यांना वाचवायचं आहे त्यांनी त्या घरांत राहणाऱ्यांचा हिशेब मांडलेला नाही.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. जुन्या शहराची किंमत एखाद्या दरवाजात किंवा एखाद्या मकबऱ्यात मावत नाही. ती साध्यासुध्या घरांच्या आणि दुकानांच्या सलग रांगेत असते. म्हणून जपायची ती अख्खी वस्ती, आणि ती जपायची तर घरमालकाच्या हाती दुरुस्तीचा पैसा आणि भाडेकरूच्या पाठीशी कायदा उभा राहिला पाहिजे. यातलं एक जरी गाळलं तरी बाकीचं कोसळतं. हे सगळं करून पाहिलेलं, काही बाबतींत जिंकलेलं आणि काही बाबतींत सपशेल हरलेलं एक शहर त्याच मियामीला लागून आहे. त्याचं नाव मियामी बीच.

मियामी आणि मियामी बीच या दोन वेगळ्या नगरपालिका आहेत, हे फोटो पाठवणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं. मियामी बीच म्हणजे बिस्केन खाडी आणि अटलांटिक महासागर यांच्यामधली वाळूची अरुंद पट्टी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे खारफुटी, दलदल आणि डास एवढंच होतं. नारळाची लागवड करून पाहिली, ती फसली. मग जॉन कॉलिन्स नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने अ‍ॅव्होकाडोच्या बागा लावल्या आणि माल पलीकडे न्यायला खाडीवर लाकडी पूल बांधायला घेतला. पैसे मध्येच संपले. इंडियानापोलिसची मोटारशर्यतीची धावपट्टी उभी करणारा उद्योजक कार्ल फिशर याने कर्ज दिलं, बदल्यात जमीन घेतली, आणि १९१३ साली पूल पूर्ण झाला. फिशरने खाडीच्या तळाची वाळू उपसून दलदलीवर ओतली, प्लॉट पाडले, आणि मार्च १९१५ मध्ये तिथे रीतसर नगरपालिका आली. आपल्या लातूरची गंजगोलाई १९१७ ची. म्हणजे मध्ये एक गोल इमारत, तिला येऊन मिळणारे १६ रस्ते आणि रस्त्यागणिक वेगळा बाजार अशी आखणी नगररचनाकार फैयाजुद्दीन लातुरात करत होते, तेव्हाच हजारो मैल दूर फिशर दलदलीवर वाळू टाकत होता. दोन्ही वस्त्या एकाच वयाच्या. एकीकडे आपण आदर्श म्हणून बघतो आणि दुसरीकडे ट्रॅफिकची अडचण म्हणून, एवढाच फरक.

पहिल्या दशकात तिथे स्पॅनिश धाटणीचे महाल उभे राहिले: लाल कौलं, कमानी, आतले चौक. सप्टेंबर १९२६ च्या चक्रीवादळाने त्या शहराची दाणादाण उडवली, पाठोपाठ १९२९ ची मंदी आली. आज जगभरातून लोक बघायला जातात ते मियामी बीच या पडझडीनंतरचं आहे. तीसच्या दशकात उत्तरेकडच्या शहरांतली मध्यमवर्गीय कुटुंबं थंडीत चार दिवस उबेला येऊ लागली आणि त्यांना परवडतील अशी लहान हॉटेलं हवी होती. हेन्री होहाउझर आणि एल. मरे डिक्सन यांच्यासारख्या वास्तुविशारदांनी ती झपाट्याने बांधली. काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती, वर गिलावा, दोन-तीन मजले. संगमरवर परवडत नव्हता म्हणून जमिनीला दगडाच्या चिपांची घोटलेली फरशी. कोपरे गोल वळवलेले, खिडक्यांवर ऊन अडवायला भुवयांसारखे छज्जे, कुठे जहाजावर असते तशी गोल खिडकी, आणि दर्शनी भागाच्या मधोमध वर चढत जाणारी उभी पट्टी, तिच्यावर निऑन दिव्यांत हॉटेलचं नाव. या शैलीला आपण आर्ट डेको म्हणतो आणि ती आपल्याला परकी नाही. मुंबईच्या मरीन ड्राइव्हच्या इमारती याच घराण्यातल्या, आणि २०१८ साली युनेस्कोने त्या जागतिक वारसा म्हणून स्वीकारल्या. लक्षात घ्यायचं ते हे की मियामी बीचची ही हॉटेलं राजेरजवाड्यांसाठी बांधलेली नव्हती. ती स्वस्तातली होती. त्यातलं कुठलंही एक हॉटेल उचलून माळरानावर नेऊन ठेवलं तर कुणी वळून बघणार नाही. शेजारी शेजारी उभी राहिली, तेव्हा त्यांचं शहर झालं.

मग पन्नासचं दशक आलं आणि मॉरिस लॅपिडस या वास्तुविशारदाने १९५४ मध्ये फाँतेनब्लू हे प्रचंड, कमानदार वळणाचं हॉटेल उभं केलं. समीक्षकांनी त्याला भडक म्हणून हिणवलं. आज तेच हॉटेल त्या काळाचा उत्तम नमुना म्हणून शिकवलं जातं. या हॉटेलाने शेजारच्या ईडन रॉक हॉटेलच्या बाजूला १४ मजल्यांची नवी इमारत चढवायला घेतली. हिवाळ्यातल्या दुपारी शेजाऱ्याच्या पोहण्याच्या तलावावर आणि किनाऱ्यावर तिची सावली पडणार होती. प्रकरण कोर्टात गेलं. १९५९ साली अपील न्यायालयाने निकाल दिला की उन्हावर शेजाऱ्याचा कायदेशीर हक्क नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण 'माझी जागा आहे, मी हवं ते बांधीन' हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला की कुठे पोचतो ते इथे दिसतं. ज्या शहराची सगळी कमाई उन्हावर, त्या शहरात ऊनच विकत घेणाऱ्याचं झालं.

साठ-सत्तरच्या दशकांत जेट विमानं आली, लोक अजून लांबच्या बेटांवर जाऊ लागले, १९७१ साली त्याच फ्लोरिडा राज्यात डिस्ने वर्ल्ड उघडलं, आणि मियामी बीचच्या दक्षिण टोकाची रया गेली. लहान हॉटेलांच्या खोल्या थोड्या भाड्यावर निवृत्त म्हाताऱ्यांना दिल्या जाऊ लागल्या. पालिकेने अगदी दक्षिणेकडचा भाग सरसकट पाडून कालवे आणि नवी हॉटेलं करायची योजना आखली आणि योजना मार्गी लागेपर्यंत तिथली नवी बांधकामं रोखून धरली. काम सुरू झालंच नाही. वर्षं गेली, घरांची डागडुजी थांबली, छतं गळाली, आणि मग तीच गळकी छतं 'हा भाग मोडकळीला आला आहे' याचा पुरावा म्हणून दाखवली गेली. आपल्या विकास आराखड्यातल्या रस्त्याच्या रेघेखाली वीस-वीस वर्षं अडकून पडलेल्या घरांना याहून वेगळं काय सांगायचं? रस्ता होत नाही, मोबदला मिळत नाही, दुरुस्तीची परवानगी मिळत नाही. मालक माळवद नीट करत नाही, कारण उद्या पाडणारच आहेत. मग कुणीतरी गल्लीतून मोटारीने जाताना म्हणतो, बघा, काय अवकळा आली आहे.

या अवकळेत १९७६ साली बार्बरा कॅपिटमन या बाईंनी काही सोबत्यांना घेऊन संस्था काढली, पायी हिंडून एकेका इमारतीची नोंद केली, आणि १९७९ मध्ये तिथल्या ८०० च्या आसपास इमारतींचा सलग भाग अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा नोंदवहीत घालून घेतला. त्या वेळी त्या इमारतींचं वय होतं जेमतेम चाळीस वर्षं. लोक हसले. चाळीस वर्षांच्या स्वस्त हॉटेलांना कसला आलाय वारसा? आपल्याकडे तर केंद्राच्या १९५८ च्या कायद्याने प्राचीन स्मारकासाठी किमान शंभर वर्षांची अट घातली आहे, आणि ती अट आपल्या मनातही इतकी पक्की बसली आहे की निजामी राजवटीच्या अखेरच्या काळातलं घर, कठड्यावर सिमेंटात उठवलेलं साल आणि दोन्ही बाजूंना सिमेंटचेच मोर, आपण 'जुनाट' म्हणून एका दिवसात उतरवतो. शंभर वर्षं पूर्ण होईपर्यंत काही उरलंच नाही तर शंभराव्या वर्षी जपायचं काय?

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. ते पोकळ नाहीत, आणि त्यातला सर्वांत जड मुद्दा मराठवाड्याने स्वतःच्या रक्ताने लिहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती, आणि किल्लारी-सास्तूर परिसरात हजारो माणसं स्वतःच्याच घरांखाली मेली. कुणी म्हणालं की जुनी घरं जपा म्हणणारे किल्लारीत गेले आहेत का, तर त्या प्रश्नाला मान खाली घालूनच सामोरं जावं लागतं. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी सरा-तुळयांवर पसरलेलं मातीचं माळवद. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा. आजोबांचा थर, बापाचा थर, आपला थर. छताचं वजन पिढ्यान् पिढ्या वाढत गेलं. भिंतीचा आतला आणि बाहेरचा पदर सांधणारे आरपार दगड नव्हते, त्यामुळे हादरा बसताच दोन्ही पदर दोन बाजूंना सुटले आणि छत खाली आलं.

पण हे कारण नीट वाचलं तर त्यातून 'जुनं पाडा' असा निष्कर्ष निघत नाही. भिंत जुनी होती म्हणून पडली नाही, ती चुकीची बांधली होती आणि छत अति जड झालं होतं म्हणून पडली. अनेक ठिकाणी भिंती कोसळल्या तरी सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी हलवली, तशीच लाखाहून अधिक घरांची जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीही झाली. माळवदाची माती उतरवा, भिंतीत आरपार काँक्रीटचे बांधदगड घाला, वरच्या बाजूने पट्टा फिरवा. हे तंत्र आपल्या गवंड्यांनी त्या वर्षांत हाताने शिकून घेतलं आहे. उलट हलवलेल्या गावांत काय झालं तेही बघा. रुंद सरळ रस्ते, जमीनधारणेनुसार लहान-मोठी घरं, आणि बैलाला, कडब्याला, बी-बियाणाला जागाच नाही. शेत लांब पडलं. एकमेकांना लागून असलेल्या ढेळजा गेल्या, तसं म्हाताऱ्या माणसांचं बसणं गेलं. जीव वाचणं पहिलं, यात वाद नाही. पण जीव वाचवायचे दोन मार्ग होते, आणि ज्या गावांत दुसरा मार्ग निवडला तिथे गाव उरलं.

शिवाय नवं म्हणजे सुरक्षित, हे कुणी ठरवलं? मियामी बीचच्या उत्तरेला लागून असलेल्या सर्फसाइड गावात समुद्राकाठची १२ मजली निवासी इमारत २४ जून २०२१ च्या रात्री बसली आणि ९८ माणसं गेली. ती इमारत १९८१ ची होती. तळघरावरच्या स्लॅबमध्ये पाणी मुरत होतं, दुरुस्तीचा खर्च मोठा होता, रहिवाशांच्या बैठकांवर बैठका होत होत्या. थोड्याच अंतरावर तीसच्या दशकातली तीन मजली हॉटेलं शाबूत उभी होती. निष्काळजीपणाला इमारतीचं वय लागत नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा आणि न्यायाचा. वाड्याचे वारस अकरा, त्यातले चार पुण्यात, दोन हैदराबादेत. तळमजल्यावरच्या दुकानाचं भाडं इतकं थोडं की त्यात एक तुळई बदलत नाही. अशा माणसाला 'वारसा जप' असं सांगणं म्हणजे शहराच्या हौसेचं बिल एका घरावर फाडणं आहे. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि वारसाप्रेमी मंडळी या प्रश्नाला सोयीस्करपणे बगल देतात याचा मला राग येतो. वारसा फेरीला यायचं, सागवानी खांबांचे फोटो काढायचे, आणि खांबाला वाळवी लागली की मालकाला दोष द्यायचा! मियामी बीचचा धडा इथे कामाला येतो. राष्ट्रीय नोंदवहीत नाव गेल्याने तिथे काहीच थांबलं नव्हतं. ती नोंद मालकाला पाडण्यापासून रोखत नाही. १९८१ मध्ये 'न्यूयॉर्कर' हे देखणं हॉटेल पाडलं गेलं, १९८८ मध्ये 'सेनेटर' पाडलं गेलं, आणि तेही कशासाठी, तर गाड्या लावायच्या जागेसाठी. चित्र बदललं ते दोन गोष्टींनी. पालिकेने स्वतःचे नियम करून अख्खे भाग संरक्षित केले, आणि अशा इमारतीच्या दुरुस्तीवर होणाऱ्या खर्चाचा ठरावीक हिस्सा अमेरिकेच्या केंद्र सरकारने करातून वजा करून दिला, १९८१ पासून २५ टक्के आणि १९८६ पासून २० टक्के. कमाईच्या इमारतींना ही सवलत होती आणि त्या गल्ल्यांत बहुतेक इमारती कमाईच्याच होत्या. बँका कर्ज देऊ लागल्या. मालकाला पाडण्यापेक्षा दुरुस्त करणं परवडू लागलं.

आपल्याकडे हे अशक्य आहे का? महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत वारसा म्हणून जाहीर झालेल्या इमारतीच्या आणि परिसराच्या न वापरलेल्या चटईक्षेत्राचा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची तरतूद आहे. म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या मालकाला वर मजले चढवता येत नाहीत, त्याची भरपाई म्हणून तो हक्क बीड बायपासकडे बांधणाऱ्याला विकता यावा. तरतूद कागदावर आहे. पण एकेका इमारतीची यादी करण्यात वर्षं घालवायची आणि परिसर जाहीरच करायचा नाही, तर साध्या घरवाल्याच्या हाती काय पडणार? भडकल दरवाजा यादीत असतो, मकई दरवाजा असतो. त्यांच्यामधल्या गल्लीतलं दोन खणांचं घर यादीत कधीच येत नाही. दरवाजा वाचतो आणि ज्या वस्तीचा तो दरवाजा होता ती वस्ती जाते. मग वाहतुकीच्या भोवऱ्यात दगडी कमान एकटी उभी, आणि तिच्यातून कुठेच जायचं नाही.

तिसरा मुद्दा माझ्या भूमिकेला सर्वांत जास्त टोचतो. मियामी बीचच्या इमारती वाचल्या, पण माणसं गेली. कमी भाड्याच्या खोल्यांत राहणारे, संध्याकाळी व्हरांड्यातल्या खुर्च्यांवर बसून समुद्र बघणारे ते म्हातारे नव्वदच्या दशकापर्यंत तिथून जवळपास नाहीसे झाले. रंग लागला, भाडं वाढलं, खोलीच्या जागी महागडं हॉटेल आलं. कॅपिटमनबाईंना वृद्धांसकट ती वस्ती हवी होती; जिंकली ती फक्त वास्तुकला. हा पराभव मी झाकणार नाही. पण पाडापाडी झाली असती तर ते म्हातारे टिकले असते का? पाडण्याच्या योजनेत तर ते पहिल्याच दिवशी बाहेर होते. तेव्हा यातून घ्यायचं ते इतकंच, की दुरुस्तीसाठी सरकारी सवलत घेणाऱ्या मालकावर जुना भाडेकरू ठरावीक वर्षं न काढण्याची अट त्याच कागदावर आली पाहिजे. शहागंजातला अत्तरवाला, सराफ्यातला पटवेकरी, गंजगोलाईतला मिरचीचा अडत्या यांना बाहेर घालवून त्यांच्या दुकानाच्या जागी त्यांच्याच फोटोंनी सजवलेलं कॉफीचं दुकान आलं, तर ते संवर्धन कुणासाठी केलं?

चौथा मुद्दा उघड बोलला जात नाही पण सगळ्यांच्या मनात असतो. ह्या इमारती कुणाच्या? मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली, मुघलांनी तटबंदी घातली, निजामाच्या राज्यात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण पिचलो. त्यांच्या खुणा आपण का जपायच्या? ज्यांच्या घरातल्या माणसांनी मुक्तिसंग्रामात मार खाल्ला त्यांनी हा प्रश्न विचारला तर तो उर्मटपणे उडवून लावायचा नसतो. मियामी बीचच्या हॉटेलांचा भूतकाळही स्वच्छ नाही. कितीएक हॉटेलांत ज्यूंना प्रवेश नव्हता, जमिनीच्या करारांत तशी कलमं होती. काळ्या कामगारांनी हॉटेलं झाडायची, स्वयंपाक करायचा आणि रात्री खाडीपलीकडे परतायचं. त्यांना ओळखपत्राशिवाय फिरता येत नसे. पुढे त्याच शहराच्या दक्षिण टोकाला निवृत्त ज्यू म्हाताऱ्यांची वस्ती झाली, आणि इमारती वाचवायला उभी राहिलेली कॅपिटमनही ज्यूच. इमारत बांधून घेणाऱ्याची राहत नाही, तिच्यात जगणाऱ्यांची होते. आणि बांधले कुणी हे दरवाजे? दगड इथल्या खाणीतला, हात इथल्या पाथरवटांचे आणि बेलदारांचे. मलिक अंबरची भूमिगत नहर तर इथल्या डोंगरांतलं पाणी उतारावर आणून शहराला पाजत होती. आज त्याच शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं आणि रस्त्याच्या, पायाच्या खोदाईत नहरीचे जुने मार्ग फुटतात. त्या नहरीचा राग कुणाच्या भल्याचा?

पाण्यावरून रस्त्यांचं सांगितलंच पाहिजे, कारण ह्या सगळ्या वादात जी गोष्ट घरं रोज मारते आहे तिच्यावर कुणी बोलत नाही. मियामी बीचमध्ये समुद्र वर येतो आहे. पाऊस नसतानाही भरतीच्या दिवशी गटारांतून खारं पाणी रस्त्यावर चढतं. पालिकेने पंप बसवले आणि काही भागांत रस्ते दोन-दोन फूट उचलले. रस्ता कोरडा झाला, पण शेजारची दुकानं आणि घरं रस्त्याच्या खाली गेली आणि पावसाचं पाणी त्यांच्याकडे वळलं. त्यावरून तिथे अजून भांडणं चालू आहेत. आपल्याकडे समुद्र नाही, तरी हेच होतं. जुना डांबरी थर न उकरता त्यावर दुसरा, त्यावर सिमेंटचा. जुन्या शहरातली कुठलीही गल्ली घ्या. वाड्याच्या दिंडीसमोर पूर्वी दोन पायऱ्या चढून जायचं होतं, तिथे आता एक पायरी उतरून जावं लागतं. उंबऱ्याशी वाळूची पोती रचलेली. ढेळजेतल्या दगडी ओट्याच्या वरच्या कडेपर्यंत पांढरा खार चढलेला, भिंतीच्या पायातली माती बारा महिने ओली. चौकातलं पाणी ज्या मोरीने बाहेर पडायचं ती मोरी रस्त्याखाली गाडली गेली, त्यामुळे आता ते पाणी आतच मुरतं. पाच-सहा पावसाळ्यांत भिंत पोट काढते. मग पालिकेची नोटीस येते: इमारत धोकादायक, उतरवून घ्यावी. ती धोकादायक केली कुणी?

आणि काही मालकांना हेच हवं असतं, हेही सांगायला हवं. मियामी बीचचं दोव्हील हॉटेल १९५७ चं, बीटल्स १९६४ मध्ये जिथे गायले ते. २०१७ च्या आगीनंतर आणि वादळानंतर ते बंद पडलं, दुरुस्ती झाली नाही, शहराने मालकांना कोर्टात खेचलं, तरी पावसापाण्याने ते इतकं सडलं की अखेर अभियंत्यांनी असुरक्षित ठरवलं आणि २०२२ मध्ये सुरुंग लावून पाडलं. संरक्षित इमारत पाडायची परवानगी मिळत नाही, म्हणून तिला मरू द्यायचं. आपल्याकडे कौलं दोन काढून ठेवायची, एक पन्हळ तोडायची, की निसर्ग बाकीचं करतो. नियम नुसता 'पाडू नका' म्हणून थांबला तर हे होणारच. 'दुरुस्त करा, पैसे आम्ही देतो, तरी केलं नाही तर आम्ही करू आणि खर्च मालमत्तेवर चढवू' इथपर्यंत तो गेला पाहिजे.

वाचवणं म्हणजे गोठवणं नव्हे, हेही आपल्या वारसावाल्यांनी मियामी बीचकडून शिकावं. आज ज्या गुलाबी, फिरोजी, पिवळसर रंगांनी ती हॉटेलं ओळखली जातात ते रंग मूळचे नाहीत. मूळच्या इमारती बहुतेक पांढऱ्या, कडांना थोडा रंग. लिओनार्ड होरोविट्झ या रचनाकाराने ऐंशीच्या दशकात ते रंग बसवले. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली, पण त्या रंगांमुळे लोकांनी त्या भिंती पहिल्यांदा नीट पाहिल्या. वाड्याच्या माजघरात वातानुकूलन यंत्र बसलं, बळदाच्या जागी न्हाणीघर झालं, मागच्या परसात दोन मजली काँक्रीटची जोडइमारत आली, तर माझी हरकत नाही. दर्शनी रांग, उंची आणि चौक राहू द्या. पर्यटक हॉटेलात राहतो, ट्रॅफिकही सुटायला हवं, हे मला कळतं. पण रस्ता रुंद केल्याने गुलमंडीतली गर्दी हटत नाही, तिथे आणखी गाड्या येतात. गाड्या बाहेर थांबवून आत चालत जायची सोय केली तर त्याच रुंदीच्या गल्लीत दुप्पट माणसं मावतात. मियामी बीचने लिंकन रोडवरून मोटारी हटवून तो पायी चालणाऱ्यांचा केला तो १९६० साली, आणि आराखडा केला भडक हॉटेलं बांधतो म्हणून हिणवल्या गेलेल्या त्याच लॅपिडसने.

नाथसागराच्या काठी नवं काही बांधायचं असेल तर जरूर बांधा. पैठणला नाथांचा वाडा आहे, विणकरांचे माग आहेत, गोदावरीचे घाट आहेत. त्या गावच्या गल्ल्यांचा पाया सुकता ठेवायला जो खर्च येईल, तो काठावरच्या पहिल्याच रिसॉर्टच्या परवानगीत धरा. आणि बाकीच्या शहरांसाठी मागणी अगदी छोटी आहे. दर वर्षी मृगाच्या आधी पालिका धोकादायक घरांची यादी काढते आणि दारावर कागद चिकटवते. त्या कागदावर 'उतरवून घ्यावी' याच्या शेजारी आणखी तीन रकाने असावेत: घर कशामुळे धोक्यात आलं, दुरुस्तीला किती खर्च येईल, आणि समोरचा रस्ता मूळ पातळीपेक्षा किती उंचावला आहे. पाडण्याची तारीख हे तीन रकाने भरल्याशिवाय पडू नये.